थायलंडमध्ये परदेशी कॉफी-साखळ्या एवढ्या पसरल्या, तरी तिथली डोंगरातली कॉफी टिकली कशी?

मळ्यातला_पणजीकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

पणजीच्या मळा भागात आमचे जुने घर रस्त्याला लागून आहे आणि त्याचा पुढचा सोपा (ओसरी) गेली सहा वर्षे बंद पडून आहे. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर एका मोठ्या कॉफी-साखळीसाठी ती जागा भाड्याने मागायला एक दलाल आला. त्याच आठवड्यात हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या माझ्या पुतण्याने, "काका, सोपा मला द्या, मी स्वतः दाणे भाजून कॉफीचे दुकान काढतो," असा हट्ट धरला. एकीकडे दलालाने सांगितलेला भाड्याचा आकडा आणि दुसरीकडे घरचा मुलगा, अशा कात्रीत सापडल्यापासून गेल्या जानेवारीत पाहिलेले थायलंड मला वरचेवर आठवू लागले आहे.

बँकॉकमध्ये एका मॉलच्या तळमजल्यावर सिॲटलच्या स्टारबक्स या प्रसिद्ध अमेरिकी साखळीचे दुकान भरलेले होते आणि त्याच मॉलच्या मागच्या गल्लीत एक बाई लांब कापडी पिशवीतून काळीभोर कॉफी गाळून बर्फाच्या पेल्यात ओतत होती; तिच्याकडेही रांग होती. महामार्गावर आमची गाडी जिथे जिथे पेट्रोलसाठी थांबली, तिथे तिथे हिरव्या रंगाचे, पोपटाचे चित्र असलेले एकच दुकान दिसले. चियांग माईला पोहोचल्यावर मात्र मी चकित झालो. चार टेबलांच्या दुकानातसुद्धा फळ्यावर खडूने डोंगरातल्या गावाचे नाव लिहिलेले होते, डोई चांग, डोई तुंग, मे चान ताई. आणि कॉफी देणारा मुलगा यंदाचे पीक कसे आले तेही सांगत होता. आपल्याकडे कॉफी पिकवणारे चिकमगळूर पणजीपासून जितके दूर आहे, त्याहून बँकॉक ते चियांग माई हे अंतर कितीतरी जास्त आहे. तरीही पणजीच्या एकाही कॉफी-दुकानात घाटावरच्या एखाद्या गावाचे नाव लिहिलेले मी पाहिलेले नाही. असल्यास माझी चूक सुधारावी.

मला हे समजून घ्यायचे आहे की मोठ्या साखळ्या इतक्या पसरूनही तिथले छोटे दुकानदार उभे राहिले ते सरकारच्या आधारामुळे, चवीमुळे की निव्वळ स्वस्ताईमुळे. शिवाय आठ दिवसांच्या पाहुण्याला जे दिसत नाही, असे काही तिथे बुडाले आहे काय? आणि यातले काय पणजीला लागू पडेल? तिथे राहिलेल्यांनी किंवा या व्यवसायातल्यांनी लिहिल्यास उपकार होतील. पर्यटक गोवा सोडून थायलंडला का जातात, हा वाद कृपया इथे आणू नये. त्यासाठी दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

बार्देशकर यांचे उत्तर

मी मूळचा म्हापशाचा. बँकॉकमधील एका हॉटेलच्या खानपान विभागात अकरा वर्षे नोकरी करून परत आलो आहे, त्यामुळे जे लिहितो ते बरेचसे पाहिलेले आहे.

आपल्या प्रश्नातली "परदेशी विरुद्ध स्थानिक" ही विभागणी तिथे गेल्यावर फार काळ टिकत नाही. स्टारबक्सचे पहिले दुकान बँकॉकच्या चिदलोम भागात १९९८ साली उघडले, म्हणजे बाट हे थाई चलन कोसळून देश पार खचलेला असताना. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीने थायलंडमधली ३७२ दुकाने चालवण्याचा हक्क विकून टाकला. घेणारे दोघे होते: हाँगकाँगचा मॅक्झिम्स समूह आणि सिंगापूरच्या फ्रेझर अँड नीव्ह या कंपनीची एक शाखा, आणि या दुसऱ्या कंपनीवर ताबा आहे तो चांग बिअर विकणाऱ्या थाई उद्योगपती घराण्याचा. म्हणजे पाटी अमेरिकेची, पण गल्ल्यातला वाटा थाई घरात जातो. ही साखळी परदेशी म्हणायची की स्थानिक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याउलट, पोपटाचे चित्र असलेले जे दुकान आपण पेट्रोल पंपांवर पाहिलेत, ते कॅफे ॲमेझॉन. नाव दक्षिण अमेरिकेतले असले, तरी मालक आहे पीटीटी ही थायलंडची सरकारी तेल कंपनी. २००२ साली पंपावर थांबणाऱ्या माणसाला कॉफी मिळावी एवढ्याच विचाराने हा उद्योग सुरू झाला आणि आज त्या एका देशात त्यांची चार हजारांहून अधिक दुकाने आहेत. स्टारबक्सची संख्या पाचशेच्या आसपास असेल. ॲमेझॉनची बहुतेक दुकाने फ्रँचायझीवर चालतात, म्हणजे तालुक्याच्या गावातला एखादा निवृत्त शिक्षक किंवा भाताच्या गिरणीचा मालक पैसे घालून दुकान घेतो. तेल विकणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला: बांगचाकची इंथानिन आहे, पीटीजीची पुनथाई आहे. त्यात सेव्हन-इलेव्हन या किरकोळ दुकानांच्या साखळीची भर घाला. त्यांची चौदा हजारांहून जास्त दुकाने देशभर आहेत आणि कॉफीचे यंत्र किंवा किमान बर्फाचा पेला आणि तयार कॉफी तिथे मिळतेच. तेव्हा छोट्या दुकानदाराला सर्वात मोठा धक्का कोणी दिला असे मला विचाराल, तर तो सिॲटलहून आलेला नव्हता. तो कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावरून आला.

आता ती कापडी पिशवी. तिला थुंग काफे म्हणतात आणि त्या पद्धतीच्या कॉफीला काफे बोराण. बोराण म्हणजे आपलेच "पुराण", जुने. त्यातला सर्वात जुना थंड प्रकार ओलियांग. हा शब्द तेओच्यू चिनी लोकांचा, अर्थ काळे आणि थंड. त्यात निव्वळ कॉफी नसते. भाजलेला मका, सोयाबीन, तीळ, कधी तांदूळ हे सगळे कॉफीबरोबर दळलेले असते. कॉफी महाग होती, धान्य स्वस्त होते, म्हणून भेसळ म्हणून आलेली गोष्ट चव म्हणून रुजली. आपल्याकडे दक्षिणेच्या फिल्टर कॉफीत चिकोरीचे जे झाले, तेच. जुन्या दुकानांत गरम कॉफीबरोबर फिक्क्या चिनी चहाचा पेला फुकट देतात; कंडेन्स्ड दुधाने तोंड गोडमिट्ट झाले की तो प्यायचा. बँकॉकच्या चारोएन क्रुंग रस्त्यावरचे ऑन लोक युन हे दुकान १९३३ पासून चालू आहे आणि तिथली लाकडी बाकडी पाहून मला पणजीतल्या जुन्या कॅफेंची आठवण येत असे.

अशा दुकानांत सकाळी म्हातारी माणसे जमून राजकारणावर जो खल करतात, त्याला थाई भाषेत "सफा काफे" असा शब्द आहे. यातला "सफा" म्हणजे संस्कृतमधली सभा. कॉफीची सभा! आपले जे बुडाले काय असे विचारणे आहे, त्याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे. कापडी पिशवीची कॉफी शहरात अजून मिळते, हल्ली तरुणांनी तिला जुन्या काळाची हौस म्हणून पुन्हा डोक्यावर घेतले आहे. पण प्रांतातल्या बाजारपेठेत सकाळी सहाला भरणारी ती सभा माझ्या डोळ्यांदेखत विरळ होत गेली, कारण वातानुकूलित पेट्रोल पंपावरच्या दुकानात कोणी दोन तास बसून मंत्र्यांना शिव्या घालत नाही.

एक किस्सा सांगून थांबतो. बँकॉकच्या फ्रा आथित रस्त्यावर कॉफी विकणाऱ्या एका मुस्लिम हातगाडीवाल्याने आपल्या गाडीचे नाव "स्टारबुंग" ठेवले होते. दक्षिण थायलंडच्या बोलीत "बुंग" म्हणजे मुस्लिम थोरला भाऊ, आणि चिन्हही तसेच हिरवे, गोल. २०१३ मध्ये स्टारबक्सने त्याच्यावर खटला भरला. शेवटी समेट झाला आणि त्याने नाव बदलून "बुंगचे अश्रू" असे केले. लोक मुद्दाम ते अश्रू प्यायला जाऊ लागले. खटल्याने त्याला जितके गिऱ्हाईक मिळवून दिले, तितके त्या चिन्हाने खचितच दिले नसते.

भावाचेही सांगायला हवे. माझ्या काळात गाडीवर पंचवीस ते चाळीस बाट, ॲमेझॉनमध्ये पन्नास ते सत्तर आणि स्टारबक्समध्ये एकशेवीसच्या पुढे, असे ढोबळ दर होते. तिघांची गिऱ्हाइके वेगळी होती, किंवा एकच माणूस महिन्याच्या एक तारखेला एका ठिकाणी आणि पंचवीस तारखेला दुसऱ्या ठिकाणी जात असे.

कुळागरी यांचे उत्तर

बार्देशकर बाबांनी दुकानाच्या बाजूने लिहिले आहे, मी मळ्याच्या बाजूने लिहितो. शेती खात्यात नोकरी झाली, आता प्रियोळला घरचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, पाहतो. थायलंडच्या उत्तरेत अभ्यासदौऱ्यावर एकदा गेलो होतो.

चियांग माईच्या फळ्यावर गावाचे नाव दिसते, त्याच्या मुळाशी कॉफीची आवड नसून अफू आहे. उत्तरेच्या डोंगरांत आखा, लाहू, लिसू, म्होंग या जमाती जंगल जाळून फिरती शेती करत आणि अफू पिकवत. अफूवर १९५९ मध्ये बंदी आली, पण बंदीने पोट भरत नाही. राजे भूमिबोल यांनी १९६९ मध्ये शाही प्रकल्प सुरू केला, त्यातून अफूच्या जागी पीच, भाज्या, फुले आणि अरेबिका जातीची कॉफी अशी पिके आली. पुढे १९८८ मध्ये राजमाता श्रीनगरिंद्रा यांच्या पुढाकाराने डोई तुंगचा प्रकल्प उभा राहिला. उघडे पडलेले डोंगर पुन्हा झाडांनी झाकायचे आणि त्या झाडांच्या सावलीत कॉफी व मॅकाडेमिया नावाचा सुका मेवा घ्यायचा, अशी ती आखणी होती.

यातली अडचण शेतकऱ्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. अफू एका हंगामात हातात येते, वजनाला हलकी, नासत नाही आणि व्यापारी दारात येऊन घेऊन जातो. कॉफीचे झाड तीन-चार वर्षे नुसते खाते. फळ आल्यावर ते पिकेल तसतसे हाताने तोडायचे, त्याच दिवशी साल काढायची, आंबवायचे, धुवायचे, वाळवायचे, आणि एवढे करून दलाल सांगेल तो भाव घ्यायचा. सुरुवातीला डोई चांगच्या आखा लोकांचे हेच झाले. तेव्हा त्यांनी दाणे विकण्याऐवजी स्वतः भाजून, स्वतःच्या गावाच्या नावाने विकायला सुरुवात केली. त्यांच्या पाकिटावर एका आखा वृद्धाचा चेहरा आहे. डोई चांग आणि डोई तुंग या दोन्ही नावांना थायलंडमध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावता येईल असे कायद्याचे संरक्षण, मिळाले आणि २०१५ मध्ये युरोपीय संघानेही ती नावे नोंदवून घेतली. आपल्या फेणीला २००९ मध्ये मिळाले, तोच हा प्रकार. फरक इतकाच की त्यांनी कागद मिळाल्यावर पुढचे कामही केले.

मे चान ताई या गावाचे नाव आपण लिहिले आहे, ते बहुधा आखा आमाच्या दुकानात पाहिले असावे. ली आयू चुएपा या त्याच गावच्या तरुणाने २०१० मध्ये चियांग माईत ते दुकान काढले. "आमा" म्हणजे आखा भाषेत आई, आणि चिन्हावर त्याच्या आईचेच चित्र आहे. शिकलेला मुलगा शहरात नोकरी धरण्याऐवजी गावच्या दाण्याचा विक्रेता झाला, ही त्यातली खरी गोष्ट. मळा आणि दुकान यांच्यामधला माणूस घरचाच असल्याने फळ्यावर लिहायला नाव आपोआप मिळाले.

सरकारी आधाराबद्दल विचारले आहे. तो आहे, पण तो दिसतो तितका सरळ नाही. ठरलेल्या कोट्याबाहेर आयात होणाऱ्या कॉफीवर थायलंड ९० टक्के जकात लावतो. त्यामुळे तिथल्या भाजणाऱ्याला इथियोपियाचा दाणा महाग पडतो आणि तो डोई चांगकडे वळतो. परदेशी साखळीलाही स्थानिक दाणा घेणे परवडते. स्टारबक्स उत्तर थायलंडच्या दाण्यांपासून "मुआन चाय" नावाचे मिश्रण विकते, तो शब्द उत्तरेच्या बोलीतला आहे. पण आग्नेय आशियाच्या मुक्त व्यापार करारातल्या देशांना हीच जकात फक्त ५ टक्के आहे, आणि व्हिएतनाम शेजारीच बसलेला आहे.

इथेच आपल्या "बुडाले काय" या प्रश्नाचे माझ्या दृष्टीने मोठे उत्तर आहे, आणि ते उत्तरेत नसून दक्षिणेत आहे. चुम्फोन, रानोंग, सुरात थानी या भागांत रोबस्टा जातीची कॉफी पिकत असे, आणि १९९० च्या दशकात थायलंड कॉफी निर्यात करणारा देश होता. इन्स्टंट कॉफीच्या कारखान्यांना लागणारा दाणा व्हिएतनामहून स्वस्तात येऊ लागल्यावर दक्षिणेच्या शेतकऱ्याने झाडे तोडून रबर लावले, ताड लावला आणि आता तर ड्युरियन लावतो, कारण चीन ते फळ मागेल त्या भावाने घेतो. आज तो देश जितकी कॉफी पितो, त्याच्या जवळपासही पिकवत नाही. म्हणून "थाई कॉफी टिकली" हे अर्धे खरे आहे. ज्या कॉफीला गावाचे नाव मिळाले ती टिकली. जी बिनानावाने कारखान्यात गेली ती उखडली गेली. पर्यटक चियांग माईला जातो, चुम्फोनवरून त्याची गाडी रात्रीची निघून जाते.

थोडे विषयांतर करतो. थायलंडमध्ये अशी कथा सांगतात की दक्षिणेतला एक मुस्लिम १९०४ च्या सुमारास मक्केहून परतताना कॉफीचे बी घेऊन आला. आपल्याकडे बाबा बुदन यांनी हजहून येताना येमेनमधल्या मोख्याचे सात दाणे चिकमगळूरच्या डोंगरात आणल्याची कथा त्याहून दोन-सव्वादोनशे वर्षे जुनी. दोन्ही देशांत कॉफी यात्रेकरूच्या गाठोड्यातून आली, आणि दोन्हीकडे तिचे पैसे मात्र दुसऱ्यांनीच केले.

भारतात कॉफीवरची मूळ जकात १०० टक्के आहे, म्हणजे थायलंडहूनही चढी. २०१२ मध्ये मुंबईत आलेल्या स्टारबक्सने टाटांशी निम्मी भागीदारी केली आणि दाणाही टाटांच्या मळ्यांतला घेतला. तेव्हा पणजीच्या त्या काचेच्या दुकानात आपण जे पितो, ते परदेशी पाटीखालचे कर्नाटकाचेच पीक असते.

दिवचलचा_चहावाला यांचे उत्तर

दोन्ही लेख ज्ञानवर्धक आहेत, पण मूळ प्रश्नकर्त्याला मी एकच विचारतो. गोव्यात वाचवायची ती स्थानिक कॉफी कोणती? थाई माणसाकडे ओलियांग होती, आपल्याकडे चहा होता आणि आहे. गोव्यात "कॅफे" या शब्दाचा अर्थच पाव-भाजी, मिरची भजी आणि अर्धा कप चहा असा आहे. कॅफे भोसले, कॅफे ताटो यांच्याकडे कोणी कॉफीसाठी जात नाही, भाजीसाठी जातो. तेव्हा साखळीने इथे कोणाच्या पोटावर पाय दिला, तर तो कॉफीवाल्याच्या नव्हे. पुतण्या जे दुकान काढणार, तेही बंगळूरच्या दुकानाची नक्कलच असणार. जास्त भाडे देणाऱ्याला सोपा द्यावा आणि घराचे छप्पर शाकारून घ्यावे, हे माझे स्पष्ट मत.

मडगावची_शेगडी यांचे उत्तर

चहावाल्या भाऊंचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तराशी मी सहमत नाही. मी मडगावात चार वर्षे सहा टेबलांचे कॉफीचे दुकान चालवते आहे, त्यामुळे थोडे अनुभवाचे लिहिते.

कॉफीचा मळा नसला, तरी कॉफीची सवय आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. माझी आजी पावसात जायफळ किसून गुळाची काळी कॉफी करत असे, आणि सारस्वत घरांतले धणे-जिऱ्याचे कषाय तर भाजलेल्या जिन्नसांचे पेयच आहे. ओलियांगमध्ये मका आणि तीळ चालतात, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळते आहे. नक्कल बंगळूरचीच केली पाहिजे, असा नियम कोणी केला?

दुसरे म्हणजे हवा. थायलंडमध्ये काफे बोराण असो की ॲमेझॉन, विकली जाते ती मुख्यतः बर्फाची कॉफी. घामट हवेत माणसाला तेच हवे असते. सुरुवातीचे वर्षभर मी गरम, बारकाईने गाळलेल्या कॉफीचा आग्रह धरला आणि मार्च ते मे दुकानात माशा मारल्या. माझ्याकडे आज जी विक्री होते, तिच्यातला मोठा भाग थंड पेयांचा आहे. पुतण्याने ही गोष्ट यंत्र विकत घेण्याआधीच मनात धरावी, कारण यंत्रवाले हे सांगत नाहीत.

तिसरे, दाणा. पहिल्याच वर्षी एका पुरवठादाराने मला "ताजी भाजणी" म्हणून जे पोते दिले, ते भाजून कित्येक महिने झालेले असावे. त्याला धुळीचा वास होता आणि तक्रार केल्यावर फोन उचलणे बंद झाले. तेव्हापासून मी कच्चा दाणा आणून थोडा थोडा भाजते. पण गोव्यात कच्चा दाणा सांभाळणे हे काम सोपे नाही. दाण्यातला ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, आणि जूनमध्ये आपल्याकडची हवा तर मिठालाही पाणी सोडायला लावते. गंमत अशी की याच मोसमी वाऱ्यात मंगळूरकडे मुद्दाम दाणे पसरून फुगवतात आणि "मॉन्सून्ड मलबार" म्हणून परदेशात विकतात. पण ते काम जाणकाराच्या हातचे, आणि दाणे रोज हलवावे लागतात. माळ्यावर पोते विसरलात तर बुरशीच हाती लागते. भाजताना होणाऱ्या धुराचेही पाहावे. मळा भागातली घरे एकमेकांना खेटून आहेत, आणि पहिल्या भाजणीच्या दिवशी शेजारी आग लागली म्हणून धावत येतील. माझ्याकडे आले होते.

साखळीचे दुकान माझ्यापासून चालत पाच मिनिटांवर उघडले, तेव्हा मी घाबरले होते. पहिले तीन महिने विक्री खाली गेली, नंतर हळूहळू पूर्वपदावर आली. कॉलेजची मुले तिकडे जातात, त्यांना गार हवेत अभ्यास करायचा असतो. माझ्याकडे येतात ते आसपासचे वकील, बँकेतली माणसे आणि दोन निवृत्त मास्तर, जे एका कॉफीवर दीड तास वाद घालतात. ती "सफा काफे" माझ्याकडे भरते, असे आज कळले. धंद्याच्या दृष्टीने त्या टेबलाचे उत्पन्न शून्य आहे, पण ते दोघे आले नाहीत तर बाकीचे विचारतात.

आणि भाडे. माझी जागा भाड्याची आहे, दर अकरा महिन्यांनी करार, दर वेळी वाढ. गेल्या वर्षी नफ्याचा मोठा वाटा त्यातच गेला. पुतण्याला स्वतःच्या घराचा सोपा मिळत असेल, तर माझ्यासारख्या दहा जणांपेक्षा तो पहिल्या दिवसापासून पुढे आहे. चियांग माईच्या त्या छोट्या दुकानदारांचेही असेच असणार, असा माझा अंदाज आहे: जागा घरची, माणसे घरची, डोंगर दोन-तीन तासांवर.

मळ्यातला_पणजीकर

सर्वांचे मनापासून आभार. पुतण्याला हे सगळे वाचायला दिले. दक्षिणेतला रोबस्टा उखडला गेला हा भाग त्याने दोनदा वाचला, आणि मडगावच्या ताईंचा थंड कॉफीचा परिच्छेद वाचून बराच वेळ गप्प बसला, कारण त्याच्या यादीत गरम गाळलेल्या कॉफीचे सात प्रकार होते.

चहावाल्या बाबांना सांगतो, छपराचा मुद्दा खरा आहे, कौले यंदाही गळली. दलालाला मी अजून नकार दिलेला नाही, दिवाळीपर्यंत मुदत मागितली आहे. दरम्यान पुतण्याने एकदा घाटावर जाऊन एखाद्या लहान मळेवाल्याशी थेट बोलावे असे ठरते आहे. कुळागरी बाबांना एवढेच विचारतो: कधी जावे, आणि पहिल्या भेटीत काय पाहावे? त्याच्या मनात मार्चमध्ये जाण्याचे आहे. तेव्हा डोंगरभर पांढरी फुले असतात, असे त्याने कुठेतरी वाचले आहे.

कुळागरी

फुले पाहायला जायचे तर मार्च-एप्रिल उत्तम. पहिला वळीव पडला की आठवड्याभरात डोंगर मोगऱ्यासारखा घमघमतो. पण दाणा घ्यायचा असेल तर तोवर उशीर झालेला असतो, लहान मळेवाल्याने माल दलालाला देऊन टाकलेला असतो. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी आणि रोबस्टाची जानेवारीपासून पुढे चालते. त्याने डिसेंबरच्या अखेरीस चिकमगळूर किंवा सकलेशपूरकडे जावे, जानेवारीत दोन्ही पिकांचे काम एकदम पाहायला मिळते.

पहिल्या भेटीत भाव विचारू नये. वाळवणाचे अंगण पाहावे: दाणे मातीवर पसरलेत, सिमेंटवर की जाळीच्या खाटांवर, आणि रात्री दव पडण्याआधी कोणी झाकतो की नाही. मजुरांनी तोडलेल्या टोपलीत हिरवी फळे किती आहेत, तेही पाहावे. आणि रोबस्टाला नाक मुरडू नये. बर्फ आणि दूध घातल्यावर चव पातळ न पडता उभी राहते ती त्याचीच, हे मडगावच्या ताई माझ्यापेक्षा चांगले सांगतील. दोन किलोचा नमुना आणून आधी त्यांच्याकडे भाजून पाहावा, मग यंत्राचे बघता येईल.

मडगावची_शेगडी

अवश्य आणावा. सोमवारी दुकान बंद असते, त्या दिवशी सकाळी या. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवीन.